डेट्रॉइटच्या वाहनतळावरची सीमारेषा

१

अमेरिकेतील मोटारकामगारांची प्रमुख संघटना म्हणजे ‘युनायटेड ऑटो वर्कर्स’, अर्थात यूएडब्ल्यू. डेट्रॉइट शहरातील तिच्या मुख्यालयाचे नाव ‘सॉलिडॅरिटी हाउस’. मराठीत त्याला ‘एकजूट भवन’ म्हणता येईल. १९८० च्या दशकाच्या आरंभी या भवनाच्या वाहनतळावर एक फलक झळकत होता. कामावरून कमी झालेल्या आमच्या तीन लाख सभासदांना तुमची आयात गाडी आवडत नाही, ती कृपया टोकियोत नेऊन उभी करा, अशा आशयाचा त्यावरील मजकूर होता.

फलकात विनोद आहे आणि विनोदाआड संताप आहे, हे कोणालाही कळेल. पण फलक कोणासाठी लिहिला आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. जपानी कारखानदार काही या वाहनतळावर गाडी लावायला येणार नव्हता. जनरल मोटर्सचा संचालकही येणार नव्हता. त्याच्यासाठी वेगळे वाहनतळ होते. येथे येणार होता तो डेट्रॉइटमधलाच कोणी माणूस: कारकून, वकील, शिक्षक, पाहुणा, क्वचित एखाद्या कामगाराचा मुलगाही. त्याने आपल्या पैशांनी, आपल्या हिशेबाने एक छोटी, कमी पेट्रोल पिणारी गाडी घेतलेली होती. एकजूट भवनाच्या दारात त्याला प्रथम कळत होते की तो ‘आपला’ नाही.

मालावरचा राग मालाच्या मालकावर आणि तेथून केवळ एका चेहऱ्यावर कसा पोहोचतो, याचे हे उदाहरण विसाव्या शतकाच्या कामगार-इतिहासात फार बोलके आहे. कामगार-साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी ते नजरेआड करू नये असे मला वाटते. शोषिताचा राग न्याय्य असतो, हे आपण गृहीत धरतो, आणि पुष्कळदा ते खरेही असते. परंतु राग न्याय्य असला म्हणजे त्याने निवडलेले लक्ष्यही न्याय्य ठरते काय, हा प्रश्न आपण सहसा विचारत नाही.

२

प्रथम त्या रागाचे मूळ पाहू; कारण ते खोटे नव्हते.

ही संघटना मोठ्या संघर्षातून उभी राहिलेली होती. ३० डिसेंबर १९३६ ते ११ फेब्रुवारी १९३७ असे चव्वेचाळीस दिवस फ्लिंट येथील कामगारांनी जनरल मोटर्सच्या कारखान्यांत ठाण मांडले आणि जगातील एका बलाढ्य कंपनीला संघटनेची मान्यता देणे भाग पाडले. पुढच्या तीन दशकांत वेतन, निवृत्तिवेतन, वैद्यकीय विमा अशा एकेका गोष्टीवर करार होत गेले. कामगाराला स्वतःचे घर, स्वतःची मोटार आणि मुलांचे महाविद्यालयीन शिक्षण परवडू लागले. संघटनेचे नेते वॉल्टर रूथर १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाच्या व्यासपीठावर मार्टिन ल्यूथर किंग यांच्यासह वक्ते म्हणून उभे होते. सारांश, ‘एकजूट’ हा शब्द या मंडळींनी केवळ इमारतीवर कोरलेला नव्हता.

या सुस्थितीचा पाया मात्र स्वस्त पेट्रोलवर आणि मोठ्या गाड्यांवर उभा होता. मोठ्या गाडीमागे नफा मोठा, म्हणून डेट्रॉइटच्या तिन्ही बड्या कंपन्यांना, म्हणजे जनरल मोटर्स, फोर्ड आणि क्रायस्लर यांना, लहान गाडीत फारसा रस नव्हता. १९७३ च्या अखेरीस अरब देशांनी तेलबंदी केली आणि पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या. १९७९ मध्ये इराणच्या क्रांतीनंतर दुसरा धक्का बसला. त्यातच चलनवाढ रोखण्यासाठी मध्यवर्ती बँकेने पतपुरवठा आवळला आणि १९८० च्या अखेरीस बँकांचा मूळ व्याजदर २१ टक्क्यांच्या वर गेला. अमेरिकेत मोटार बहुधा कर्जावर घेतली जाते. तेव्हा गाडी घेणारेच कमी झाले, आणि जे उरले त्यांना लहान गाडी हवी होती. जपानी कंपन्यांकडे ती तयार होती.

१९८० साली जपानने मोटार-उत्पादनात अमेरिकेला मागे टाकले. जपानात सुमारे १ कोटी १० लाख वाहने तयार झाली, तर अमेरिकेत सुमारे ८० लाख. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर पाच मोटारींपैकी एक जपानी होती. त्याच वर्षी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावरील क्रायस्लरला वाचवण्यासाठी सरकारला दीड अब्ज डॉलर्सच्या कर्जाची हमी द्यावी लागली आणि कामगारांना झुंजून मिळवलेल्या वेतनावर व सवलतींवर पाणी सोडावे लागले. मिशिगन राज्यातील बेकारी १९८२ मध्ये १५ टक्क्यांच्या वर गेली. कारखान्यामागून कारखाना बंद होत होता. पन्नाशीच्या कामगाराला दुसरीकडे काम मिळण्याची आशा नव्हती, आणि घराचे हप्ते थांबत नव्हते.

या परिस्थितीत राग येणे स्वाभाविक होते. प्रश्न होता तो राग कोणावर काढायचा हा.

३

या प्रश्नाचे एक अधिकृत उत्तर त्या काळातच उपलब्ध झाले होते, ही गोष्ट फारशी कोणी ध्यानात घेत नाही. १९८० साली यूएडब्ल्यू आणि फोर्ड कंपनी यांनी आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे दाद मागितली. आयातीमुळे आमचा धंदा बुडतो आहे, सरकारने संरक्षण द्यावे, ही त्यांची मागणी. नोव्हेंबर १९८० मध्ये आयोगाने तीन विरुद्ध दोन मतांनी ती फेटाळली. उद्योगाचे नुकसान झाले आहे हे आयोगाला मान्य होते. पण आयात हे त्याचे प्रमुख कारण नाही, मंदी आणि ग्राहकांचा लहान गाड्यांकडे वळलेला कल ही कारणे अधिक प्रबळ आहेत, असा बहुमताचा निष्कर्ष होता.

मंदीला हातात धरता येत नाही. व्याजदराला चेहरा नसतो. लहान गाडी वेळेवर न बनवण्याचा निर्णय ज्या दालनात झाला त्या दालनात कामगाराला प्रवेश नव्हता. क्रायस्लरच्या संचालक मंडळावर १९८० मध्ये यूएडब्ल्यूचे अध्यक्ष डग्लस फ्रेझर यांना जागा मिळाली खरी, पण तोपर्यंत व्हायचे ते निर्णय होऊन गेलेले होते. उलट रस्त्याच्या कडेला उभी असलेली टोयोटा किंवा डॅटसन हाताशी होती. तिच्यावर किल्लीने ओरखडा काढता येत होता, तिच्या चाकातली हवा सोडता येत होती, तिच्या मालकाला दोन शब्द सुनावता येत होते. जी कारणे दूर होती ती अदृश्य होती, आणि जे दृश्य होते ते कारण नव्हते. या विसंगतीतूनच पुढचे सारे घडत गेले.

राजकारणाने आयोगाचा निर्णय लगेच वळसा घालून ओलांडला. अमेरिकेच्या दबावाखाली जपानने १९८१ च्या मे महिन्यापासून वर्षाला १६ लाख ८० हजार मोटारींची मर्यादा ‘स्वेच्छेने’ मान्य केली. परिणाम विलक्षण झाला. संख्येवरच बंधन आल्यामुळे जपानी कंपन्या स्वस्त गाड्यांऐवजी अधिक महागड्या गाड्या पाठवू लागल्या आणि दर गाडीमागे अधिक नफा कमावू लागल्या. स्पर्धा सैलावल्याने अमेरिकन गाड्यांच्याही किमती वाढल्या. भुर्दंड पडला तो ग्राहकावर, आणि या ग्राहकांत मोटारकामगारही होताच.

४

आता ‘परदेशी गाडी’ या संज्ञेकडे वळू. भाषेच्या अभ्यासकाला ती विशेष रोचक वाटावी, कारण ती जितकी ठामपणे उच्चारली जात होती तितकीच आतून पोकळ होती.

क्रायस्लरचे विक्रेते ‘डॉज कोल्ट’ नावाची गाडी विकत. ती बनवत होती जपानची मित्सुबिशी. तिच्यात क्रायस्लरचा हिस्सा होता. शेवरोलेचा ‘लव्ह’ हा छोटा ट्रक जपानच्या इसुझूचा, फोर्डचा ‘कुरियर’ माझदाचा. १९७९ मध्ये फोर्डने माझदाच्या कंपनीत सुमारे एकचतुर्थांश भागभांडवल घेतले. क्रायस्लरच्या ज्या छोट्या ‘ओम्नी’ गाडीकडे कंपनीचे तारणहार म्हणून पाहिले जात होते, तिचे सुरुवातीचे इंजिन फोक्सवॅगनकडून आलेले होते. या उलट, जर्मन फोक्सवॅगनची ‘रॅबिट’ १९७८ पासून पेनसिल्व्हेनियात वेस्टमोरलँड येथे तयार होत होती आणि तिची जुळणी करणारे हात यूएडब्ल्यूच्या सभासदांचेच होते.

तेव्हा ‘डॉज’ अशी पाटी मिरवणारी जपानी गाडी एकजूट भवनात निर्धास्त शिरत असणार, आणि संघटनेच्याच सभासदांनी जोडलेल्या ‘रॅबिट’कडे मात्र कोणी तिरप्या नजरेने पाहत असणार. ‘परदेशी’ हे विशेषण गाडीच्या जन्मस्थानाचे नव्हते, भांडवलाचे नव्हते, श्रमाचेही नव्हते. ते गाडीच्या नावाचे होते, आणि नावाच्या आडून एका प्रतिमेचे होते.

ती प्रतिमा कशाची होती, हे त्या काळातील मोटारींवर चिकटवलेल्या पट्ट्यांवरून कळते. भूक लागली असेल तर आपली परदेशी गाडी खा, असे एक पट्टी सांगे. दुसऱ्या पट्ट्यांवर पर्ल हार्बरची आठवण करून दिलेली असे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनीही अमेरिकेचा शत्रूच होता; पण जर्मन गाडीच्या मालकाला त्या युद्धाचा जाब विचारल्याचे सहसा आढळत नाही. मिशिगनमधील एका लोकप्रतिनिधीने या संकटाचे खापर ‘छोट्या पिवळ्या माणसां’वर फोडल्याचे त्या वेळी वृत्तपत्रांत आले होते. म्हणजे व्यापाराची भाषा युद्धाच्या भाषेत आणि युद्धाची भाषा वंशाच्या भाषेत शिरत होती. या भाषांतराला कोणाचीही हरकत दिसत नव्हती.

त्याच सुमारास एक विधीही रूढ झाला. जुनी जपानी गाडी मैदानात आणायची, घण ठेवायचा, आणि लोकांनी वर्गणी देऊन तिच्यावर घाव घालायचे. टपावर उभे राहून घण उगारलेल्या कामगारांची छायाचित्रे तेव्हाच्या वृत्तपत्रांत दिसतात. ज्या हातांनी आयुष्यभर मोटारी जोडल्या तेच हात मोटार फोडताना दिसतात. त्या छायाचित्रांतील चेहऱ्यांवर क्रौर्य नाही, बहुधा जत्रेतली मौज आहे. मला ती छायाचित्रे त्यामुळेच अधिक अस्वस्थ करतात.

५

हायलँड पार्क हे डेट्रॉइटने चारही बाजूंनी वेढलेले छोटे शहर. वुडवर्ड अव्हेन्यू हा त्याचा मुख्य रस्ता. याच रस्त्यालगतच्या कारखान्यात हेन्री फोर्डने १९१३ मध्ये मोटारींसाठी फिरता जुळणी-पट्टा सुरू केला आणि १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर वेतन जाहीर केले. आधुनिक मोटारकामगाराचा जन्म येथला म्हटला तरी चालेल. क्रायस्लरचे मुख्यालयही १९८० च्या दशकात येथेच होते.

१९ जून १९८२ च्या रात्री या शहरातील एका नाचघरात व्हिन्सेंट चिन नावाचा सत्तावीस वर्षांचा तरुण मित्रांसह आला होता. आठवड्याभराने त्याचे लग्न होते. तो चीनमध्ये जन्मलेला, लहानपणी दत्तक येऊन डेट्रॉइट परिसरात वाढलेला अमेरिकन नागरिक. त्याचे वडील दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तो स्वतः मोटारउद्योगाला सेवा पुरवणाऱ्या एका अभियांत्रिकी कंपनीत आराखडे काढण्याचे काम करीत होता. म्हणजे तोही मोटारीवरच जगत होता.

तेथेच रोनाल्ड एबेन्स आणि त्याचा सावत्र मुलगा मायकेल निट्झ बसलेले होते. एबेन्स क्रायस्लरच्या कारखान्यात पर्यवेक्षक होता. निट्झची मोटारकारखान्यातली नोकरी गेलेली होती. शब्दाला शब्द वाढला. तुमच्यासारख्यांमुळे आम्ही बेकार झालो, या अर्थाचे शिवीयुक्त उद्गार एबेन्सच्या तोंडून आपण ऐकले, असे तेथे काम करणाऱ्या एका नर्तकीने पुढे साक्षीत सांगितले. हाणामारी झाली, सगळे बाहेर काढले गेले. एबेन्सने बेसबॉलची बॅट काढली. चिन पळाला. त्या दोघांनी त्याला गाडीतून शोधत फिरून वुडवर्ड अव्हेन्यूवरील एका उपाहारगृहाजवळ गाठले. निट्झने त्याला धरले आणि एबेन्सने त्याच्या डोक्यावर बॅटचे घाव घातले. चार दिवसांनी, २३ जूनला, चिन मरण पावला. लग्नासाठी बोलावलेले पाहुणे अंत्यविधीला आले.

चिन जपानी नव्हता. बॅट चालवणारा एबेन्स बेकार नव्हता. त्या रात्रीच्या वादाशी कोणत्याही मोटारीचा संबंध नव्हता. तरीही या घटनेचा अर्थ त्या फलकांवाचून, त्या पट्ट्यांवाचून आणि त्या घणांवाचून लागत नाही. फलकावर राग आयात गाडीवर होता. वाहनतळावर तो गाडीच्या मालकावर आला. वुडवर्ड अव्हेन्यूवर गाडीही उरली नाही, नुसता चेहरा उरला.

अर्थात इतिहासलेखनाच्या दृष्टीने येथे सावध राहिले पाहिजे. आपण वंशद्वेषातून हे केले नाही, ते दारूच्या नशेतले भांडण होते, असे एबेन्सने नंतर सातत्याने सांगितले आहे. न्यायालयांचे निर्णयही एकसारखे नाहीत. तेव्हा एका माणसाच्या मनाचा निवाडा आपण करू नये. पण ज्या हवेत ते उद्गार उच्चारले गेले आणि ऐकणाऱ्यांना त्यांचा अर्थ क्षणात कळला, ती हवा कशी तयार झाली होती, हे सांगणे इतिहासाचे काम आहे.

६

पुढची हकीकत अधिक खिन्न करणारी आहे. खुनाचा आरोप सदोष मनुष्यवधापर्यंत खाली आणला गेला. १६ मार्च १९८३ रोजी न्यायाधीश चार्ल्स कॉफमन यांनी दोघांना तीन वर्षांची परिवीक्षा आणि प्रत्येकी तीन हजार डॉलर्स दंड व न्यायालयीन खर्च, एवढी शिक्षा दिली. सुनावणीला सरकारी वकील हजर नव्हता. चिनची आई लिली चिन हिला कळवलेही नव्हते. ही माणसे तुरुंगात पाठवण्यासारखी नाहीत, शिक्षा गुन्ह्याला नव्हे तर गुन्हेगाराला साजेशी असावी लागते, असे समर्थन न्यायाधीशांनी केले.

या विधानाचा अर्थ उलगडून पाहावा. ज्यांना नोकरी आहे, घर आहे, पूर्वीचा गुन्हा नाही, ती ‘आपली’ माणसे. वाहनतळावरची सीमारेषा येथे न्यायासनापर्यंत पोहोचलेली दिसते.

निकालानंतर चिनी, जपानी, कोरियन, फिलिपिनो असे वेगवेगळ्या मुळांचे अमेरिकन नागरिक एकत्र आले आणि ‘अमेरिकन सिटिझन्स फॉर जस्टिस’ ही संघटना स्थापन झाली. यांच्या पूर्वजांच्या देशांत आपापसात कडवी युद्धे झालेली होती. पण बॅट उगारणाऱ्याला चेहऱ्यांतला फरक कळत नसेल तर तो फरक धरून बसण्यात अर्थ नाही, हे त्यांना उमगले. मोटारउद्योगातून कमी झालेली आणि पुढे पत्रकार झालेली हेलन झिया ही या चळवळीची एक प्रमुख कार्यकर्ती होती. ती स्वतः क्रायस्लरच्या कारखान्यात पत्रे ठोकणाऱ्या यंत्रावर काम करून नंतर बेकार झालेली होती. बेकारीचा तोच अनुभव एका माणसाला कोठे नेतो आणि दुसऱ्याला कोठे, हे पाहण्यासारखे आहे.

नागरी हक्कांच्या भंगाबद्दल संघराज्याच्या न्यायालयात खटला चालला. १९८४ मध्ये एबेन्स दोषी ठरला आणि त्याला पंचवीस वर्षांची शिक्षा झाली, निट्झ सुटला. १९८६ मध्ये अपिलात ती शिक्षा रद्द झाली, आणि १९८७ मध्ये सिनसिनाटी येथे झालेल्या फेरखटल्यात एबेन्सही निर्दोष ठरला. शिक्षा म्हणून एक दिवसही कोणी तुरुंगात काढला नाही. क्रिस्टीन चोय आणि रेनी ताजिमा यांनी या प्रकरणावर ‘हू किल्ड व्हिन्सेंट चिन?’ हा अनुबोधपट काढला. मारणारा माहीत असताना ‘कोणी मारले’ असे विचारणारे हे शीर्षक नेमका प्रश्न उभा करते. लिली चिन पुढे काही वर्षांसाठी अमेरिका सोडून चीनला निघून गेली.

७

मराठी वाचकाच्या मनात येथे आपली स्वदेशीची चळवळ आल्यावाचून राहणार नाही. १९०५ साली पुण्यात परदेशी कापडाची होळी झाली. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापड वाहणाऱ्या ट्रकसमोर बाबू गेनू आडवा झाला आणि चिरडला गेला. तेव्हा परक्या मालावरचा राग आपल्याला अपरिचित नाही, आणि तो आपल्याला पवित्रही वाटतो. मग डेट्रॉइटचा राग वेगळा कसा?

पहिला भेद सत्तेचा आहे. हिंदुस्थानातला बहिष्कार जिंकलेल्यांनी जेत्यांच्या व्यापारावर घातलेला होता. अमेरिका जपानची वसाहत नव्हती, उलट तिचा शब्द जपानला ‘स्वेच्छेने’ पाळावा लागत होता. दुसरा भेद अधिक सूक्ष्म आहे. बाबू गेनूने ट्रक अडवताना स्वतःचा देह पणाला लावला, दुसऱ्याचा नव्हे. सप्टेंबर १९३१ मध्ये महात्मा गांधी लँकेशायरमधील डार्वेन येथे गेले. त्यांच्या बहिष्कारामुळे ज्यांच्या गिरण्यांची मागणी घटली होती ते कामगार त्यांना प्रेमाने भेटले. बहिष्कार घालणारा आणि त्याची झळ सोसणारा समोरासमोर येऊन बोलू शकले. हे नेहमीच असे घडले असे नाही. निरोधनाच्या नावाखाली आपल्याकडेही दुकानदारांवर आणि गिऱ्हाइकांवर जबरदस्ती झालेली आहे. स्वदेशीचे शब्द पुढे अनेकांनी अनेक हेतूंनी वापरले, हेही आपण पाहिले आहे. म्हणूनच डेट्रॉइटकडे आपण दुरून आणि उंचावरून पाहू नये. मालावर टाकलेला बहिष्कार माणसावर कधी सरकतो, ती जागा ओळखणे आपल्यालाही आवश्यक आहे.

८

न्याय म्हणून हेही नोंदवले पाहिजे की संघटनेची अधिकृत मागणी गाड्या फोडण्याची नव्हती. ‘जेथे विकता तेथे बनवा’ असे यूएडब्ल्यूचे म्हणणे होते, आणि १९८० मध्ये फ्रेझर स्वतः जपानला जाऊन तसे सांगून आले होते. ही मागणी मान्यही झाली, पण भलत्याच रीतीने. होंडाने नोव्हेंबर १९८२ मध्ये ओहायोतील मेरिसव्हिल येथे ‘अकॉर्ड’ गाडीचे उत्पादन सुरू केले, १९८३ मध्ये निसानने टेनेसीत, १९८८ मध्ये टोयोटाने केंटकीत. गाड्या अमेरिकेत, अमेरिकन हातांनी बनू लागल्या; मात्र या कारखान्यांत यूएडब्ल्यूला शिरकाव मिळाला नाही. आता परदेशी कोण? आजवर देशाच्या नावाने ओढलेली रेषा संघटनेच्या नावाने ओढायला हवी होती. पण तोवर सारी भाषा देशाची झालेली होती. शेजारच्या राज्यातल्या कामगाराला ‘परक्या’चा नोकर ठरवल्यावर त्याच्याकडे एकजुटीची हाक घेऊन जाणे अवघड असते.

याच्या उलट एक प्रयोग कॅलिफोर्नियात झाला. जनरल मोटर्सचा फ्रीमाँट येथील कारखाना गैरहजेरी आणि भांडणांसाठी कुप्रसिद्ध होता. १९८२ मध्ये तो बंद पडला. १९८४ च्या अखेरीस टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी तो भागीदारीत पुन्हा सुरू केला. यूएडब्ल्यू कायम राहिली, कामगारही बहुतांशी तेच राहिले; त्यांतील शेकडो जणांना शिकण्यासाठी जपानला पाठवण्यात आले. थोड्याच काळात त्या कारखान्याच्या गुणवत्तेचे दाखले दिले जाऊ लागले. ‘शेवरोले नोव्हा’ या नावाने तेथून बाहेर पडणारी गाडी वस्तुतः टोयोटाची ‘कोरोला’ होती. कामगार वाईट नव्हते, काम करवून घेण्याची पद्धत वाईट होती, हे याहून स्पष्टपणे कसे सिद्ध व्हावे? घण जपानी गाडीवर मारताना हीच गोष्ट झाकली गेली होती.

वाहनतळाचा नियम मात्र टिकून राहिला. मार्च २००५ मध्ये सॉलिडॅरिटी हाउसने जवळच्या तळावरील नौसैनिक दलाच्या राखीव सैनिकांना कळवले, की परदेशी बनावटीच्या गाड्या आणि राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या समर्थनाच्या पट्ट्या लावलेल्या गाड्या आमच्या आवारात नकोत. इराकयुद्ध चालू असताना देशाच्या सैनिकांनाच ‘परदेशी’ ठरवल्याबद्दल गदारोळ उठला. अध्यक्ष रॉन गेटलफिंगर यांनी निर्णय मागे घेतला. सैनिकांनी मात्र दुसरी जागा शोधली. देशाभिमानाच्या आधारावर ओढलेली रेषा अखेर देशाच्या गणवेशालाच छेदून गेली.

२००८ मध्ये आलेला क्लिंट ईस्टवुड यांचा ‘ग्रॅन टोरिनो’ हा चित्रपट हायलँड पार्कमध्येच घडतो. त्याचा नायक वॉल्ट कोवाल्स्की हा फोर्डमधून निवृत्त झालेला, कोरियाच्या युद्धात लढलेला कामगार. त्याचा मुलगा जपानी गाड्या विकतो, हे त्याला सलते. शेजारी राहायला आलेले ह्मोंग कुटुंब तर त्याला डोळ्यांसमोर नको असते. राग मालावरून मालकावर आणि मालकावरून चेहऱ्यावर जातो, तो प्रवास येथे उलटा होतो. चेहरा आधी माणूस होतो, मग शेजारी, आणि शेवटी नायकाची लाडकी गाडी त्या शेजाऱ्याच्या मुलाकडे जाते. चित्रपटात भाबडेपणा आहे, नायकाच्या उदारपणाचे कौतुक जरा अधिकच आहे. तरी ज्या गावात व्हिन्सेंट चिन मारला गेला त्याच गावात ही कथा घडावी, याला अर्थ आहे.

दरम्यान क्रायस्लरचे मुख्यालय १९९० च्या दशकात हायलँड पार्कमधून गेले. कंपनी आधी जर्मन डाइमलरशी आणि नंतर इटालियन फियाटशी जोडली गेली. २०२१ पासून ती नेदरलँड्समध्ये नोंदलेल्या स्टेलँटिस समूहात आहे. एबेन्सचा कारखाना ज्या कंपनीचा होता ती कंपनीच आता त्या फलकाच्या व्याख्येनुसार परदेशी आहे. एप्रिल २०२४ मध्ये टेनेसीतील चॅटनुगा येथील फोक्सवॅगनच्या कामगारांनी मोठ्या बहुमताने यूएडब्ल्यूत सामील होण्याचा कौल दिला. २०२५ मध्ये आयात मोटारींवर २५ टक्के शुल्क जाहीर झाले तेव्हा याच संघटनेच्या नेतृत्वाने त्याचे स्वागत केले. दोन्ही वाटा अजून एकाच घरातून निघतात: एक कामगाराला कामगाराशी जोडणारी, दुसरी सरहद्दीवर भिंत उभारणारी.

कामगार-साहित्याच्या वर्गात आपण श्रमिकाच्या हातांचे, घामाचे आणि बंडाचे वर्णन वाचतो. त्या वर्गात घण उगारलेल्या कामगारांच्या छायाचित्रांपैकी एखादे ठेवावे, आणि ते पाहताना बाजू घेण्याची घाई करू नये. त्या कामगाराचे घर खरोखर जात होते. त्याला फसवणारे खरोखर होते. आणि तो ज्याच्यावर घाव घालत होता त्याने त्याचे काहीही बिघडवलेले नव्हते. ही तिन्ही वाक्ये एकाच वेळी खरी आहेत. त्यांतले एखादे गाळून लिहिलेला इतिहास वाचायला सोपा असतो, पण लिली चिनच्या प्रश्नाला त्यात उत्तर सापडत नाही.